इंजिनीअरिंगची राष्ट्रीय अकादमी नेमकं काय करते?

५ डिसेंबर २०१५, शनिवार. इंग्लंडच्या वायव्येला असलेल्या लँकेस्टर शहरात रात्री पावणेअकराला वीज गेली. 'डेस्मंड' नावाच्या वादळाचा पाऊस दिवसभर कोसळत होता, लून नदी दुथडी भरून वाहत होती आणि नदीजवळच्या केटन रोडवरच्या सबस्टेशनमध्ये पाणी शिरलं. पुराचा धोका ओळखून या सबस्टेशनभोवती काही वर्षांपूर्वीच संरक्षक बांध घातलेला होता. त्या रात्री पाणी बांधावरून आत आलं. सुमारे ६१,००० घरं आणि दुकानं अंधारात गेली. माणसं मोजली तर लाखाच्या वर.

वीज जाणं आपल्याला नवीन नाही. पण लँकेस्टरमध्ये विजेपाठोपाठ जे काही बंद पडत गेलं, ते नीट पाहण्यासारखं आहे.

आधी मोबाईल गेले. फोन चार्ज केलेले होते, पण टॉवरला वीज त्याच शहराच्या लाइनवरून मिळत होती आणि बहुतेक टॉवरच्या बॅटऱ्या फार वेळ टिकल्या नाहीत. घरातला राउटर बंद, म्हणजे इंटरनेट बंद. लँडलाइनची तार जिवंत होती, कारण तिला वीज टेलिफोन एक्स्चेंजमधून मिळते. मात्र लोकांच्या घरी आता कॉर्डलेस फोन होते आणि त्यांना भिंतीतल्या सॉकेटची वीज लागते. जुना, तारेचा साधा फोन ज्यांनी जपून ठेवला होता, त्यांचाच फोन लागत होता. गॅसच्या पाइपलाइनमध्ये गॅस होता, पण घर गरम ठेवणारा बॉयलर पंपावर आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रणावर चालतो. ऐन डिसेंबरात घरं थंड पडली. उंच इमारतींत पंपाअभावी वरच्या मजल्यांवर पाणी चढेना, लिफ्ट तर बंदच. पेट्रोल पंपाच्या टाकीत पेट्रोल होतं, ते वर खेचायला वीज नव्हती. दुकानात माल होता, पण स्वाइप मशीन चालत नव्हतं, आणि रोख काढावी तर एटीएम बंद.

यात सगळ्यात जास्त हाल झाले ते माहितीअभावी. वीज कधी येणार, सोमवारी शाळा आहे की नाही, कोणत्या रस्त्यावर पाणी आहे, हे सांगणारी सगळी साधनं एकाच तारेवर अवलंबून निघाली. 'द बे' नावाचं स्थानिक रेडिओ केंद्र जनरेटरवर चालू राहिलं आणि ज्यांच्याकडे सेलवर चालणारा रेडिओ होता, त्यांना त्याचाच आधार उरला. विद्यापीठाने सत्र लवकर संपवून विद्यार्थ्यांना घरी पाठवलं. देशभरातून ट्रकवर डिझेल जनरेटर आणले गेले, अनेक भागांत वीज आली, पुन्हा गेली. सगळं सुरळीत व्हायला जवळजवळ आठवडा गेला.

आता एक प्रश्न. हे सगळं एकत्र मांडून त्यावर विचार करणं हे कोणाचं काम? वीज कंपनीची जबाबदारी सबस्टेशनपुरती. मोबाईल कंपनीची टॉवरपुरती. नगरपालिकेची रस्त्यांपुरती, हॉस्पिटलची आपल्या रुग्णांपुरती. प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं, तरी एकाचं काम दुसऱ्याच्या कामावर किती टेकलेलं आहे, हे पाहणारं कोणी नव्हतं.

ते काम रॉयल अकादमी ऑफ इंजिनीअरिंग या ब्रिटनच्या राष्ट्रीय अकादमीने हातात घेतलं. लँकेस्टर विद्यापीठ आणि इलेक्ट्रिकल इंजिनीअरांची संस्था यांच्या साथीने तिने सगळ्या संबंधितांना एकत्र बसवलं आणि मे २०१६मध्ये एक छोटा अहवाल काढला. त्यात समीकरणं नाहीत, कोणावर ठपकाही नाही. शहरात काय चालू राहिलं, काय थांबलं आणि का, एवढंच साध्या भाषेत लिहिलेलं आहे. सामान्य वाचकालाही तो सरळ वाचता येतो. इंजिनीअरिंगची अकादमी कशासाठी असते, हे समजून घ्यायला मला तरी याहून चांगलं उदाहरण ठाऊक नाही.

अकादमी हा शब्द आपल्याकडे कशालाही लावतात. पोलीस अकादमी असते, क्रिकेट अकादमी असते, स्पर्धा परीक्षांचे क्लासही अकादमीच. राष्ट्रीय अकादमी ही यातली नव्हे. तिथे कोणी शिकायला जात नाही, परीक्षा नाही, पदवी नाही, मोठी प्रयोगशाळाही नाही. त्या त्या क्षेत्रात ज्यांचं काम सर्वमान्य झालं आहे, अशा माणसांना निवडून घेतलेली ती एक कायमची सभा असते. सभासदांना फेलो म्हणतात. स्वतःहून अर्ज करून फेलो होता येत नाही. आधीच्या फेलोंनी नाव सुचवायचं, कामाची छाननी व्हायची आणि मग निवड. वर्षाला साधारण साठेक नवे फेलो घेतले जातात. फेलोंना पगार मिळत नाही. उलट समित्यांवर बसणं, मसुदे तपासणं, तरुण इंजिनीअरांना मार्गदर्शन करणं, अशी वेळखाऊ कामं त्यांच्याकडून अपेक्षित असतात. आपले डॉ. रघुनाथ माशेलकर या ब्रिटिश अकादमीचेही फेलो आहेत.

मग विज्ञानाची अकादमी असताना इंजिनीअरिंगची वेगळी कशाला? ब्रिटनमध्ये रॉयल सोसायटी १६६०पासून आहे. सुरुवातीच्या काळात तिथे इंजिनीअरांनाही मान होता. १८४१मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झालेले पहिले भारतीय अर्देशीर कर्सेटजी वाडिया हे मुंबईच्या गोदीतले जहाजबांधणी करणारे आणि वाफेच्या इंजिनांचे जाणकार होते. १८३४मध्ये त्यांनी माझगावच्या आपल्या बंगल्यात गॅसचे दिवे लावून दाखवले होते. भारतातून तिथे पोहोचलेला पहिला माणूस हाताने यंत्रं उभी करणारा होता, हे आपल्या शाळेच्या पुस्तकांत ठळकपणे यायला हवं असं मला फार वाटतं.

पुढे विज्ञान आणि इंजिनीअरिंग यांच्या वाटा वेगळ्या होत गेल्या. इंजिनीअरांनी आपापल्या व्यावसायिक संस्था काढल्या: सिव्हिलची १८१८मध्ये, मेकॅनिकलची १८४७मध्ये, तारायंत्रवाल्यांची आणि पुढे विजेची म्हणून ओळखली गेलेली १८७१मध्ये. या संस्था आपल्या व्यवसायाची पात्रता ठरवतात, आचारसंहिता पाळायला लावतात, नियतकालिकं काढतात. कामाच्या आहेत, पण प्रत्येकीला आपलं कुंपण आहे. लँकेस्टरच्या अंधाराला असं कुंपण नव्हतं. पूर सिव्हिलचा, ट्रान्सफॉर्मर इलेक्ट्रिकलचा, टॉवर दूरसंचारवाल्यांचा, बॉयलर मेकॅनिकलचा. प्रत्यक्ष जगातली अडचण कधीच एका शाखेत मावत नाही, आणि अशा अडचणीवर बोलायला सगळ्या शाखांचं मिळून एक व्यासपीठ लागतं.

ही गरज सर्वांत आधी ओळखली स्वीडनने. पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारा कोळसा आटला आणि इंधनाचा प्रश्न उभा राहिला. तो एकट्या विद्यापीठाने किंवा एकट्या कारखान्याने सुटणारा नव्हता. १९१९मध्ये तिथे जगातली पहिली इंजिनीअरिंग अकादमी स्थापन झाली. अमेरिकेत १९६४मध्ये झाली. ब्रिटनला मात्र १९७६ उजाडावं लागलं. औद्योगिक क्रांती जिथे झाली त्या देशाला इतका उशीर का व्हावा, याचं एक कारण बहुधा त्या जुन्या, बलवान व्यावसायिक संस्थाच असाव्यात. त्या वर्षी ११ जूनला बकिंगहॅम राजवाड्यात पहिली सभा भरली. प्रिन्स फिलिप यांनी या कल्पनेचा नेटाने पाठपुरावा केला होता. पहिले फेलो १२६. जेट इंजिनाचे जनक फ्रँक व्हिटल त्यांच्यात होते. पहिले अध्यक्ष लॉर्ड हिंटन, ज्यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटनचं काल्डर हॉल हे अणुवीज केंद्र उभं राहिलं. सुरुवातीला नाव होतं फेलोशिप ऑफ इंजिनीअरिंग. 'रॉयल अकादमी' हे नाव १९९२मध्ये मिळालं.

अकादमीचं लोकांना दिसणारं काम म्हणजे पुरस्कार. त्यातला मॅकरॉबर्ट पुरस्कार १९६९पासून दिला जातो आणि आता तो ही अकादमी देते. १९७२चा मानकरी पाहिला की 'उपयोजित विज्ञान' म्हणजे काय ते चटकन कळतं. तो मिळाला गॉडफ्री हाउन्सफील्ड यांना, सीटी स्कॅनसाठी. साध्या एक्स-रेत पुढचं-मागचं सगळं एकमेकांवर पडून सावली दिसते; कवटीच्या आत मेंदूत गाठ कुठे आहे ते कळत नाही. ईएमआय या कंपनीत काम करणाऱ्या हाउन्सफील्ड यांनी असं केलं की किरण एकाच पातळीत, पण वेगवेगळ्या कोनांतून सोडायचे, प्रत्येक वेळी पलीकडे किती पोहोचले ते मोजायचं, आणि त्या हजारो आकड्यांवरून त्या पातळीचा एक काप कॉम्प्युटरने रेखाटायचा. पावाची लादी न कापता तिच्या मधल्या एका स्लाइसचं चित्र मिळवावं, तसं. प्रयोगशाळेतल्या पहिल्या यंत्राला एका चित्रासाठी नऊ दिवस लागत. नऊ दिवस हलू नका असं कुठल्या रुग्णाला सांगणार? तेव्हा किरणांचा स्रोत बदलला, मोजणीची पद्धत बदलली, गणित आवाक्यात आणलं आणि वेळ मिनिटांवर आला. १ ऑक्टोबर १९७१ला लंडनच्या विम्बल्डन भागातल्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला. एक्स-रे आधीच माहीत होते, कॉम्प्युटर होते, त्यामागचं गणितही होतं. नऊ दिवसांची मिनिटं करणं आणि ते यंत्र हॉस्पिटलात रोज चालेल असं बनवणं, हे इंजिनीअरिंग. त्याची दखल मॅकरॉबर्ट पुरस्काराने दुसऱ्याच वर्षी घेतली. नोबेल आलं १९७९मध्ये.

तरीही पुरस्कार हा अकादमीचा मुख्य उपयोग नव्हे असं माझं मत आहे. मुख्य उपयोग आहे इशारा देण्याचा. त्यासाठी २०११चा एक अहवाल पाहू.

विषय होता जीपीएससारख्या उपग्रहांवरचं अवलंबित्व. जीपीएस म्हटलं की आपल्याला ओला-उबरचा नकाशा आठवतो. पण या उपग्रहांत अतिशय अचूक अणुघड्याळं असतात आणि जगभरात अनेक यंत्रणा वेळ त्यांच्याकडून घेतात. मोबाईलचे टॉवर एकमेकांशी ताल जुळवायला ती वेळ वापरतात, विजेचं जाळं सांभाळणारी उपकरणं वापरतात, शेअर बाजारातल्या सौद्यांवरचे शिक्केही त्याच वेळेचे. आता अडचण अशी की वीसेक हजार किलोमीटरवरून येणारा हा सिग्नल जमिनीवर पोहोचेपर्यंत अत्यंत क्षीण झालेला असतो. गाडीतल्या चार्जिंगच्या सॉकेटमध्ये बसणारा स्वस्त जॅमरही आसपासच्या परिसरात तो बुडवू शकतो. ब्रिटनच्या दीपगृहांची देखभाल करणाऱ्या संस्थांनी २००८मध्ये फ्लॅम्बरो हेड या किनाऱ्याजवळ मुद्दाम जॅमर लावून जहाजावर चाचणी घेतली. जहाजावर एकाच वेळी अनेक उपकरणांचे अलार्म वाजू लागले. नकाशावरचं स्थान भलतंच दिसू लागलं. जी उपकरणं एकमेकांना पर्याय आहेत असं समजत होते, त्यांतली बरीच आतून जीपीएसवरच चालत होती.

अकादमीच्या समितीने या सगळ्यावर बोट ठेवलं. आपण कुठे कुठे जीपीएसवर अवलंबून आहोत ते आधी शोधा, असं सांगितलं. जॅमर वापरणं गुन्हा होतं, पण नुसता बाळगणं नव्हतं. ती पळवाट बंद करा. आणि पर्यायी व्यवस्था ठेवा, उदाहरणार्थ ई-लोरॅन. ही जमिनीवरच्या मोठ्या मनोऱ्यांवरून दीर्घ लहरींवर चालणारी यंत्रणा. तिचा सिग्नल दणकट असतो, सहजी बुडवता येत नाही.

पुढे काय झालं? शेजारच्या देशांनी आपले मनोरे बंद केले आणि २०१५च्या शेवटी ब्रिटननेही जहाजांसाठीची ई-लोरॅन सेवा थांबवली. २०१८मध्ये सरकारने स्वतःच या विषयाचा आढावा घेतला, तेव्हा त्यातही हेच धोके पुन्हा मांडले गेले. २०२३मध्ये सरकारने जे नवं धोरण जाहीर केलं, त्यात ई-लोरॅन उभारण्याचा प्रस्ताव परत आला. म्हणजे इशाऱ्यापासून धोरणापर्यंत बारा वर्षं. मधल्या काळात जॅमिंग ही लष्करी कसरत राहिली नव्हती. युद्धक्षेत्रांजवळून जाणाऱ्या विमानांना आणि जहाजांना ते रोजचं झालं होतं.

इथे अकादमीची ताकद आणि मर्यादा दोन्ही दिसतात. तिला कुठलाही अधिकार नसतो. ती कायदा करू शकत नाही, काम थांबवू शकत नाही, दंड करू शकत नाही. तिच्याकडे फक्त शब्द असतो आणि तो शब्द कोणाच्या सोयीसाठी बोललेला नाही असा लोकांचा विश्वास. तो विश्वास टिकवणं सोपं नाही. ब्रिटिश अकादमीला सरकारकडून मोठं अनुदान मिळतं. तिचे अनेक फेलो मोठ्या कंपन्यांत वरच्या पदांवर असतात. ज्या विषयावर सल्ला द्यायचा त्याच्याशी एखाद्याचे हितसंबंध असतील, तर ते आधी उघड करावे लागतात; अहवालही समितीबाहेरच्या जाणकारांकडून तपासून घ्यावा लागतो. शिवाय अशा सभांमध्ये त्याच त्या वर्तुळातली माणसं गोळा होण्याचा धोका असतो. या अकादमीला पहिली स्त्री अध्यक्ष, अ‍ॅन डाउलिंग, लाभायला २०१४ साल उजाडलं. घरातला बॉयलर बंद पडल्यावर काय होतं, वरच्या मजल्यावर पाणी न चढल्यावर काय होतं, हे ज्यांना सोसावं लागतं त्यांचा आवाज सभेत असेल, तरच प्रश्न नेमके विचारले जातात.

भारतातही अशी अकादमी आहे: इंडियन नॅशनल अकादमी ऑफ इंजिनीअरिंग, स्थापना १९८७. आपल्या विज्ञानाच्या अकादम्या १९३०च्या दशकातल्या, त्यामानाने ही बरीच तरुण. तिचे पहिले अध्यक्ष होते रुरकीचे प्रा. जय कृष्ण, भारतातल्या भूकंप अभियांत्रिकीचे अध्वर्यू. महाराष्ट्राशी त्यांचा संबंध येतो तो कोयनेमुळे.

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. दख्खनचं पठार म्हणजे अढळ खडक, इथे मोठा भूकंप होत नाही, अशी तोवरची समजूत होती. कोयना धरणाचं डिझाइनही त्याच समजुतीला धरून झालेलं. भूकंपाचा आडवा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ५ टक्के धरलेला. धरणाच्या आत बसवलेल्या यंत्रावर त्या पहाटे सर्वाधिक नोंद झाली ती सुमारे ६३ टक्क्यांची. १०३ मीटर उंचीचं धरण उभं राहिलं, पण वरच्या भागात, जिथे भिंतीचा उतार बदलतो तिथे, तडे गेले. त्या यंत्रावरची ती नोंद जगभरच्या अभ्यासकांसाठी अमोल ठरली. जय कृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९मध्ये तिचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. भूकंपरोधक बांधकामाचं भारतीय मानक १९७०मध्ये सुधारलं गेलं आणि कोयनेचा परिसर जास्त धोक्याच्या पट्ट्यात गेला. धरणालाही मागून आधार देऊन बळकटी दिली गेली.

आणि तरीही किल्लारी घडलं. ३० सप्टेंबर १९९३ला, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे, लातूर-उस्मानाबाद भागात हजारो माणसं गेली. मानकाच्या नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या पट्ट्यात होती. २००२च्या सुधारणेत तो पट्टाच रद्द झाला. पण नकाशा बरोबर असता तरी माणसं वाचली असती का? तिथली घरं माळवदाची. मातीत बसवलेले ओबडधोबड दगड, दोन-दोन, तीन-तीन फूट जाड भिंती, वर मातीचं जड छत. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांना बांधलेले नसले की हादऱ्याने भिंत मधोमध फाकते आणि छत थेट झोपलेल्या माणसांवर येतं. असं घर बांधताना काही अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घालायचे, कोपरे सांधायचे आणि दारं-खिडक्यांच्या वर सलग पट्टा फिरवायचा, एवढ्याने बराच फरक पडतो. ही माहिती इंजिनीअरांना होती. दगडमातीच्या घरांसाठीचं वेगळं भारतीय मानकही १९९३चंच आहे.

ती माहिती गावच्या गवंड्यापर्यंत पोहोचवण्याचं काम कुठल्याच खात्याचं नव्हतं, जसं लँकेस्टरमध्ये टॉवर आणि सबस्टेशन यांचा मिळून विचार करण्याचं काम कोणाचं नव्हतं. आपल्या अकादमीचे परिसंवाद होतात, अहवाल निघतात, त्यांत देशातली उत्तम डोकी असतात. त्यातलं फार थोडं मराठी वाचकापर्यंत येतं. मला वाटतं त्यांनी एकदा लातूर, धाराशिव, सातारा अशा ठिकाणी जाऊन बसावं. गवंडी, ग्रामसेवक, महावितरणचे लाइनमन, जिल्हा रुग्णालयातले जनरेटर चालवणारे कर्मचारी, बांधकाम खात्याचे शाखा अभियंते, सगळ्यांना एका टेबलाशी बोलवावं. गेल्या भूकंपात, गेल्या पुरात, गेल्या गारपिटीत काय टिकलं आणि काय पडलं ते त्यांच्याकडून ऐकावं, आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावता येईल अशा मराठीत, दहा-बारा पानांत ते लिहून काढावं.